समन्स आलं? आधी तारीख लिहून ठेवा

एरवी आपण इथे सिनॉप्सिस, पेपर, रिव्ह्यूअर यांच्याबद्दल बोलतो. आजचा विषय वेगळा आहे, पण पीएचडीच्या चार-पाच वर्षांत तो कुणाच्याही दारात येऊ शकतो.

दुसऱ्या वर्षी माझा प्रगती-सेमिनार झाला आणि त्याच रात्री आईचा फोन आला. "कोर्टाचा माणूस कागद देऊन गेला होता. तुझा सेमिनार होता म्हणून बोलले नाही." कधी? "झाले की बावीस दिवस." आत्याने जमिनीच्या वाटपाचा दावा लावला होता. बाबांच्या मागे सातबाऱ्यावर आईचं आणि माझं नाव लागलेलं, म्हणून आम्ही दोघी प्रतिवादी. मी म्हणाले, "पण मी तर होस्टेलवर आहे, मला कुठे मिळालंय समन्स?" इथेच मी चुकत होते.

समन्स म्हणजे काय?

दिवाणी दाव्यातलं समन्स म्हणजे कोर्टाचा निरोप: तुमच्याविरुद्ध दावा दाखल झालाय, अमुक तारखेला या आणि तुमचं म्हणणं मांडा. ती अटक नाही आणि दोषी ठरवणंही नाही. वकिलाची नोटीस वेगळी, ती समोरच्या पक्षाकडून येते. समन्स कोर्टाकडून येतं. त्यावर न्यायाधीशांची किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याची सही आणि कोर्टाचा शिक्का असतो, सोबत दाव्याची प्रत असते. वाटपाच्या दाव्यात तर सगळ्या हिस्सेदारांना पक्षकार करावंच लागतं. त्यामुळे प्रतिवादी म्हणून नाव आलं की लगेच भांडण समजू नका.

घरच्यांनी घेतलं तरी पोचलं

दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 च्या आदेश 5 मध्ये हे सगळं दिलंय. तुम्ही घरी नसाल आणि लवकर भेटण्याची शक्यता नसेल, तर घरातल्या सज्ञान व्यक्तीला समन्स देता येतं. म्हणजे आईची सही माझ्यासाठीही चालली. "घेतलंच नाही की झालं" हा गावाकडचा सल्ला तर सरळ नुकसानीचा. नाकारलं तर बेलिफ दारावर प्रत चिकटवतो, आणि समन्स बजावलं गेलं असं कोर्ट धरू शकतं.

दिवस कसे मोजायचे?

समन्स बजावल्यापासून 30 दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे तुमचं उत्तर, द्यायचं असतं. कोर्ट कारणं नोंदवून ही मुदत 90 दिवसांपर्यंत वाढवू शकतं. 90 नंतरही अपवादात्मक परिस्थितीत सवलत मिळू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये सांगितलंय, पण त्या भरवशावर बसू नका. व्यावसायिक दाव्यांत तर 120 दिवसांनंतर कैफियत देण्याचा हक्कच जातो. माझ्या हातात आठ दिवस होते.

कैफियत लिहिताना

इथे तुम्हाला रिव्ह्यूअरला उत्तर देण्याची सवय कामी येईल. दाव्यातल्या प्रत्येक परिच्छेदाला वेगळं उत्तर हवं. "सर्व मजकूर खोटा आहे" एवढं लिहून भागत नाही. जे स्पष्टपणे नाकारलं नाही, ते साधारणपणे मान्य केलं असं धरलं जातं. आणि जे खरं आहे ते खुशाल मान्य करा. आम्ही आत्याचा हिस्सा मान्य केला. फक्त बाबांनी स्वतःच्या पगारातून घेतलेला प्लॉट वाटपातून वगळा म्हटलं आणि त्याचं खरेदीखत जोडलं. कागदपत्रं कैफियतीसोबतच द्या, नंतर द्यायची तर कोर्टाची परवानगी लागते.

मी वकील नाही, तेव्हा मसुदा वकिलाकडूनच करून घ्या. फीची अडचण असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. 1987 च्या कायद्यानुसार महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन आहे 15100.

तारीख चुकली तर?

कोर्ट दावा एकतर्फी चालवू शकतं. सुनावणी चालू असेल तर योग्य कारण दाखवून परत सामील होता येतं. एकतर्फी हुकूमनामा झालाच, तर तो रद्द करून घेण्यासाठी अर्जाची मुदत 30 दिवस. समन्स नीट बजावलंच नसेल, तर हे दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. पण तिथे ठोस कारण सिद्ध करावं लागतं, नुसतं "होस्टेलवर होते" पुरत नाही.

एक सावधगिरी: व्हॉट्सॲपवर "समन्स" पाठवून पैसे मागणारे भामटे असतात. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर 16 अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक टाकून दावा खरंच आहे का ते बघा. आणि समन्स आलं म्हणून फोनवर कुणालाही पैसे पाठवू नका.

आमची कैफियत अठ्ठाविसाव्या दिवशी दाखल झाली. दावा अजून चालू आहे, आत्याकडे दिवाळीचा फराळही चालू आहे. तुम्ही आज एवढंच करा, घरी फोन लावून सांगा: कोर्टाचा कागद आला तर परीक्षा असो की सेमिनार, त्याच दिवशी फोटो पाठवायचा आणि कागदावर मिळाल्याची तारीख लिहायची.