देलिंगहा : एका कवितेने नकाशावर आणलेलं शहर

चीनच्या छिंगहाई प्रांतात, छायदाम खोऱ्याच्या ईशान्य कडेला, सुमारे तीन हजार मीटर उंचीवर देलिंगहा वसलं आहे. भोवती उघडे डोंगर आणि वाळवंट. हवा इतकी कोरडी की खगोलशास्त्रज्ञांनी इथे 13.7 मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण उभारली. पण चीनमधल्या कविताप्रेमींना हे नाव पाठ आहे ते कवी हायझीमुळे, आणि हायझी इथला नव्हता.

मूळ नाव झा हायशेंग. जन्म 1964 सालचा, दूर पूर्वेकडच्या आन्हुई प्रांतातल्या शेतकरी कुटुंबातला. पंधराव्या वर्षी तो पेकिंग विद्यापीठात कायदा शिकायला गेला आणि पुढे बीजिंगजवळच्या छांगपिंगमध्ये शिकवू लागला. 1988 च्या उन्हाळ्यात तो तिबेटला निघाला. तेव्हा रेल्वे ल्हासापर्यंत नव्हती, गोलमुडला संपायची. 25 जुलैला गाडी देलिंगहावरून जात असताना त्याने ‘दैनंदिनी’ ही छोटी कविता लिहिली. एका ‘ताई’ला उद्देशून केलेलं ते बोलणं आहे. ही ताई कोण, यावर वाचक आजही वाद घालतात. मला तो वाद गौण वाटतो. रात्र, पाऊस, रिकामं गवताळ रान, आणि सगळ्या जगाची चिंता बाजूला सारून एकाच माणसाची आठवण काढणारा चोविशीतला मुलगा : कवितेचं बळ या उघड्या एकटेपणात आहे. सबंध मानवजातीवर महाकाव्य रचू पाहणाऱ्या कवीने ती लिहिली, म्हणून ती अधिकच भिडते.

पुढच्या वर्षी, 26 मार्च 1989 रोजी, पंचविसावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असताना, शानहायगुआन इथे त्याने आयुष्य संपवलं. हयातीत फार थोडे वाचक लाभलेल्या या कवीची कविता पुढे शाळेच्या पाठ्यपुस्तकांतही पोहोचली. शी छुआन या कविमित्राने त्याचं लेखन संपादित करून 1997 मध्ये समग्र संग्रह काढला, त्याचा यात मोठा वाटा आहे.

देलिंगहाने 2012 मध्ये बायिन नदीच्या काठी हायझीचं कवितादालन उघडलं. शेजारी त्याच्या कविता कोरलेल्या शिळा उभ्या केल्या आणि त्याच्या नावाने कविता महोत्सवही सुरू केला. शासनकर्त्यांना यात पर्यटन दिसलं असेल, तरी वाटसरू कवीला आपला मानण्याचं मोठेपण या शहराने दाखवलं, हे खरं.

प्रांताची राजधानी शिनिंगहून इथे रेल्वेने येता येतं. हिवाळा कडक असल्याने उन्हाळ्यातच जावं, आणि ‘दैनंदिनी’ आधी वाचून जावं.