अश्रुपटलाची जाडी : प्रकाशीय प्रतिमांकनाद्वारे मापन

नंदुरबारच्या मिरची पथाऱ्यांवर काम करताना तिखट धुळीने डोळ्यांत पाणी येणे स्वाभाविक आहे. मात्र डोळ्यांतून सतत पाणी येणे हे कोरड्या डोळ्याचेही लक्षण असू शकते. अश्रूंचे प्रमाण आणि अश्रुपटलाचे स्थैर्य या दोन भिन्न बाबी होत.

कॉर्नियावरील अश्रुपटलाची जाडी सुमारे ३ मायक्रोमीटर असते. त्यावरील स्निग्ध थर तर सरासरी ४० नॅनोमीटरच्या आसपास असतो. हा थर बाष्पीभवनास अटकाव करतो. तो विरळ झाल्यास पटल लवकर फाटते, डोळा चुरचुरतो आणि प्रतिक्षिप्त क्रियेने अधिक पाणी येते.

शिर्मर यांनी १९०३ मध्ये मांडलेल्या चाचणीतील कागदी पट्टी अश्रूंचे प्रमाण दर्शविते. परंतु तिच्या स्पर्शानेच डोळा पाणावू शकतो. प्रकाशीय पद्धतीत हा स्पर्श टळतो. ओल्या रस्त्यावरील तेलाच्या तवंगाप्रमाणे स्निग्ध थराच्या दोन्ही पृष्ठभागांवरून परावर्तित झालेल्या किरणांचे व्यतिकरण होते. पातळ थर राखाडी दिसतो. जाडी वाढल्यास पिवळ्या, तपकिरी व निळ्या छटा उमटतात. कॅमेऱ्याने टिपलेल्या या रंगांवरून जाडीचा अंदाज बांधता येतो. संपूर्ण पटलाच्या मापनासाठी ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी वापरली जाते. मात्र ५ मायक्रोमीटर विभेदनक्षमतेच्या यंत्रास ३ मायक्रोमीटरचे पटल वेगळे दाखविणे कठीण जाते. त्यासाठी अतिउच्च विभेदनक्षमता आवश्यक ठरते.

तात्पर्य, पाणावलेल्या डोळ्याच्या तपासणीत अश्रू किती आले याबरोबरच पटल किती टिकते, हे पाहणेही अगत्याचे आहे.