आधी रुजुवात, मग बदली

वैशाखातील मध्यान्ही विदर्भातल्या एखाद्या हमरस्त्यावर मोटारीतील गारवा एकाएकी नाहीसा झाला, की मालकाच्या तोंडून ‘गॅस संपला’ हे वाक्य निघते, आणि गाडी गॅरेजात पोहोचली की तेथील कारागीर स्कॅनरच्या छोट्या पडद्यावर एक दृष्टिक्षेप टाकून ‘प्रेशर सेन्सर गेला, बदलून टाकू’ असा निकाल देतो. ही दोन्ही विधाने प्रसंगी खरी असतात. परंतु ज्या पुराव्यावर ती केली जातात तो पुरावा बहुधा अपुरा असतो, आणि त्यामुळे पुष्कळदा निर्दोष संवेदकाची बदली होऊन खरा दोष जागच्या जागी राहतो. अंगठ्याएवढ्या या वस्तूची परीक्षा कशी करावी, आणि ती परीक्षा पदार्थविज्ञानाच्या ज्या नियमावर उभी आहे तो नियम कोणता, हे समजून घेणे गाडीच्या मालकालाही अवघड नाही.

मोटारीतील वातानुकूलन म्हणजे आतील उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकण्याची व्यवस्था होय. आजही आपल्याकडील बहुसंख्य गाड्यांत या कामासाठी आर-१३४ए नावाचे शीतक बंद नळ्यांतून फिरत असते. इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर या शीतकाची वाफ दाबतो व त्यायोगे तापवतो. ती तप्त वाफ रेडिएटरच्या पुढे बसविलेल्या कंडेन्सरमध्ये वाऱ्याच्या झोताने निवून तिचा द्रव होतो. तो द्रव एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या सूक्ष्म छिद्रातून पलीकडे जाताच त्याचा दाब एकदम उतरतो, आणि डॅशबोर्डामागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो उकळू लागून भोवतालच्या हवेतील उष्णता शोषून घेतो. वातावरणाच्या सामान्य दाबाखाली हे शीतक शून्याखाली २६ अंश सेल्सिअसला उकळते. कॉइलमध्ये गेजवर दोन-अडीच बार दाब असतो, म्हणून तेथे ते शून्य ते पाच अंशांच्या दरम्यान उकळते, आणि आपल्याला हवा तो गारवा मिळतो.

कंडेन्सरपासून एक्स्पान्शन व्हॉल्व्हपर्यंतच्या नळीत दाब अर्थातच पुष्कळ अधिक, ऐन उन्हाळ्यात २०० ते २५० पीएसआयपर्यंत, असतो, आणि दाबाचा संवेदक बहुतेक गाड्यांत याच नळीवर तैनात केलेला असतो. त्याच्याकडे हुकमत कसलीही नाही. नळीतील दाबाची इत्तला इंजिनाच्या नियंत्रक संगणकाला अखंड देत राहणे, एवढेच त्याचे काम. त्या इत्तलेवरून संगणक रेडिएटरचा पंखा मंद फिरवावा की वेगाने हे ठरवितो. दाब सुमारे २ बारच्या खाली गेला किंवा ३० बारच्या आसपास चढला, तर कॉम्प्रेसरच बंद करतो. अतिदाबाचा धोका उघड आहे. परंतु कमी दाबाचा धोका तितकाच गंभीर असून तो सहसा ध्यानात येत नाही. कॉम्प्रेसरला लागणारे तेल शीतकाबरोबरच नळ्यांतून फिरून परत येत असते, आणि शीतक ओसरले की ते परत येईनासे होऊन कॉम्प्रेसर कोरडा चालतो व अखेरीस जाम होतो. १९३९ साली अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने कारखान्यातच वातानुकूलन बसविलेली पहिली मोटार लोकांपुढे मांडली, तेव्हा तिच्या कॉम्प्रेसरला क्लचसुद्धा नव्हता. गारवा नकोसा झाला तर गाडी थांबवून, बॉनेट उघडून पट्टा हाताने उतरवावा लागे. जो निर्णय त्या काळी मालकाच्या हाताने होई तो आज या संवेदकाच्या शब्दावर होतो, म्हणूनच तो शब्द खरा की खोटा याला एवढे महत्त्व आले आहे.

संवेदकाच्या पोटात सिरॅमिकचा अथवा सिलिकॉनचा एक पातळ पडदा असतो. दाबाने तो अतिसूक्ष्म प्रमाणात वाकतो. सिरॅमिकच्या संवेदकात या वाकण्याने दोन विद्युत्-पट्टिकांमधील अंतर बदलते, तर सिलिकॉनच्या संवेदकात पडद्याचा विद्युत्-रोध बदलतो. ताण पडला असता सिलिकॉन व जर्मेनियम यांचा रोध फार मोठ्या प्रमाणात बदलतो, हे चार्ल्स स्मिथ यांनी १९५४ साली दाखवून दिले, आणि दाबमापनाच्या आधुनिक उपकरणांचा एक मोठा वंश त्यातून निर्माण झाला. बाहेरून पाहता संवेदकाला साधारणतः तीन तारा असतात : एकीतून संगणकाकडून ५ व्होल्ट येतात, दुसरी अर्थिंगची, आणि तिसरीतून दाबाच्या प्रमाणात साधारण अर्ध्या व्होल्टपासून साडेचार व्होल्टपर्यंतचा संदेश परत जातो. शून्यापासून पाचपर्यंतचा सगळा पल्ला न वापरता दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा व्होल्ट मोकळा ठेवण्यात मोठी दूरदृष्टी आहे. कारण तार तुटली किंवा तारा एकमेकींना चिकटल्या तर संदेश थेट शून्यावर वा पाचावर जाऊन बसतो, आणि तो दाबाचा आकडा नसून वायरिंगची फिर्याद आहे हे संगणकाला तत्काळ कळते. स्कॅनरवर दिसणाऱ्या पी-०५३२ व पी-०५३३ या खुणा अनुक्रमे प्रमाणाबाहेर खालच्या व प्रमाणाबाहेर वरच्या संदेशाच्या आहेत. त्या मंडलात दोष असल्याचे सांगतात, संवेदकच दोषी असल्याचा निवाडा देत नाहीत.

हा निवाडा करण्याचे सर्वांत सुंदर साधन निसर्गानेच पुरविले आहे. बंद भांड्यात एखाद्या पदार्थाचा द्रव आणि त्याची वाफ एकत्र नांदत असतील, तर त्यांचा दाब केवळ तापमानावर ठरतो, पदार्थाच्या परिमाणावर नाही. गाडी चार-पाच तास सावलीत इंजिन बंद ठेवून उभी केली, की नळ्यांच्या दोन्ही बाजूंचा दाब समान होतो आणि शीतकाचे तापमान बाहेरच्या हवेइतके येते. अशा स्थितीत हवा ३० अंशांवर असेल तर आर-१३४एचा दाब गेजवर ९७ पीएसआयच्या जवळपास भरला पाहिजे, आणि मे महिन्यातील नागपूरच्या ४५ अंशांत तो १५३च्या आसपास भरला पाहिजे. ही कोष्टके छापील मिळतात आणि चांगल्या कारागिराच्या भिंतीवर टांगलेलीही असतात. आता तीन आकडे शेजारी मांडावेत : तापमानावरून कोष्टकात निघणारा दाब, गेजने नळीवर प्रत्यक्ष मोजलेला दाब, आणि संवेदकाच्या हवाल्याने स्कॅनर दाखवीत असलेला दाब.

गेज कोष्टकाशी जुळतो आणि स्कॅनर मात्र भलतेच सांगतो, असे दिसले तर संशय संवेदकावर किंवा त्याच्या तारांवर घेणे रास्त आहे. गेज आणि स्कॅनर परस्परांशी जुळतात, पण दोन्ही कोष्टकाच्या फार खाली आहेत, असे दिसले तर नळ्यांत द्रव शिल्लकच उरलेला नाही, अर्थात गॅस गळाला आहे, आणि कॉम्प्रेसर बंद पाडणारा संवेदक आपले कर्तव्य चोख बजावीत आहे. दोन्ही आकडे कोष्टकाच्या वर असतील तर शीतकात हवा किंवा दुसराच एखादा वायू मिसळला आहे. मात्र या रुजुवातीत एक खाचखळगा आहे. काही स्कॅनर निरपेक्ष दाब दाखवितात, म्हणजे त्यात वातावरणाचे १४.७ पीएसआय मिळविलेले असतात, तर गेज ते वगळून दाखवितो. एवढा फरक ध्यानात न घेता संवेदकाला खोटा ठरविणे हा अन्याय होय.

याच नियमाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर निम्मा रिकामा झाला तरी शेगडीची ज्योत पूर्वीसारखीच जळते, आणि आत किती उरले हे कळण्यासाठी गृहिणीला तो हलवून वा उचलून पाहावा लागतो. तद्वत मोटारीतील बराचसा गॅस गळून गेला तरी, द्रवाचा थोडा अंश शिल्लक असेपर्यंत, उभ्या गाडीतील दाब यथास्थित दिसतो. म्हणून ‘प्रेशर बरोबर आहे, म्हणजे गॅसही पुरेसा आहे’ हे अनुमान चुकीचे असून, परिमाण समजण्याचा बिनचूक मार्ग वजन हाच आहे.

संशय संवेदकावर आला तरी आधी तारांचे जाबजबाब घ्यावेत. किल्ली चालू ठेवून संवेदकाचा जोड सोडवावा आणि मल्टिमीटरने पाहावे : एका अग्रावर ५ व्होल्ट येतात का, आणि अर्थिंग पक्के आहे का? पाच व्होल्ट येत नसतील तर नवा संवेदक बसवूनही काही साधणार नाही. एखाद्या ठिकाणी उंदराने तार कुरतडलेली असेल, किंवा त्याच पुरवठ्यावर जोडलेला दुसराच एखादा संवेदक शॉर्ट होऊन सगळ्यांचा पुरवठा ओढून घेत असेल. जोडाच्या पितळी अग्रांवर हिरवट गंज दिसला, तर तो साफ करण्यानेच पुष्कळ तक्रारी मिटतात. त्याचप्रमाणे इंजिन चालू असताना दाब खरोखरच चढत असेल, तर तेथे दोष संवेदकाचा नसून धुळीने व किड्यांनी बुजलेल्या कंडेन्सरचा, न फिरणाऱ्या पंख्याचा किंवा गरजेपेक्षा जास्त भरलेल्या गॅसचा असतो. कट-ऑफ टाळण्यासाठी तारा परस्पर जोडून कॉम्प्रेसर ‘डायरेक्ट’ करणे ही तर अक्षम्य गोष्ट आहे.

एवढे सर्व करून संवेदक दोषी ठरला, तर त्याची बदली हे काम मोठे नाही. पण त्यात एक प्रश्न आधी सोडवावा लागतो. पुष्कळ गाड्यांत संवेदकाखाली ट्यूबच्या व्हॉल्व्हसारखी स्प्रिंगची झडप असते, आणि संवेदक फिरवून काढला की ती मिटते. अशा गाडीत गॅस न काढता बदली होऊ शकते. काही गाड्यांत अशी झडप नसते, आणि तेथे संवेदक सैल केला की सगळा गॅस उसळून बाहेर येतो, कातडीला लागला तर तिला गोठवतो आणि डोळ्यांना कायमची इजा करू शकतो. आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे हे निर्मात्याच्या पुस्तिकेतूनच पाहावे. झडप असली तरी चष्मा व हातमोजे घालावेत. संवेदक सोडवताना एका पान्याने नळीचा नट धरून ठेवावा, नाही तर ॲल्युमिनिअमची नळी पिळली जाते. नवा बसविताना रबराची नवी ओ-रिंग कॉम्प्रेसरच्या तेलात भिजवून घालावी आणि पुस्तिकेत दिला असेल तेवढाच जोर लावावा. गॅस काढावा लागला असेल तर तो रिकव्हरी यंत्रात घ्यावा, अर्ध्या तासाहून अधिक काळ व्हॅक्यूम धरून नळ्यांतील हवा व दमटपणा काढावा, आणि बॉनेटखालच्या पट्टीवर छापलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर तोलून भरावा.

गॅस हवेत सोडून देण्याचा सोपा मार्ग का वर्ज्य, याचे कारण शीतकांच्या इतिहासात आहे. पूर्वीच्या आर-१२ या शीतकातील क्लोरीन ओझोनचा थर नष्ट करू शकते हे मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ साली दाखविले, १९८७ साली माँट्रिअलचा करार झाला, आणि आर-१२च्या जागी क्लोरीनविरहित आर-१३४ए आले. ओझोनची चिंता त्यामुळे मिटली. परंतु उष्णता कोंडून धरण्यात हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट प्रबळ आहे. छोट्या मोटारीतील साडेचारशे ग्रॅम गॅस मोकळा सोडणे म्हणजे सुमारे साडेसहाशे किलो कार्बन डायऑक्साइड, अर्थात पावणेतीनशे लिटरांहून अधिक पेट्रोलचा धूर, वातावरणात सोडण्यासारखे आहे. याचसाठी २०१६ साली किगाली येथे या जातीचे वायू क्रमाक्रमाने कमी करण्याचे ठरले, आणि भारताने २०२१ साली त्याला मंजुरी दिली.

वाचकांना विनंती एवढीच, की गॅरेजात कोणी संवेदक बदलावयास सांगितले, तर पैसे देण्यापूर्वी बाहेरचे तापमान, गेजवरील दाब आणि स्कॅनरवरील दाब हे तीन आकडे कागदावर लिहून मागावेत. जो कारागीर ते विनातक्रार लिहून देईल त्याच्या हाती गाडी निर्धास्तपणे सोपवावी. जो टाळाटाळ करील त्याच्या निदानावर नव्या संवेदकाचा खर्च करू नये.