छातीवर दाब, डोक्यात ठणका: दर वेळी पित्तच असतं का?

मी येलदरीहून बोलतेय. मी बचत गटांची समन्वयक आहे, डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. पण महिन्याला इतक्या बैठका होतात, इतक्या जणींची दुखणी कानावर येतात, की एक गोष्ट बोलायलाच हवी असं वाटलं.

गेल्या पावसाळ्यातली बैठक. हप्ते मोजून झाले होते, सह्यांसाठी वही फिरत होती. आमच्यातल्या एक मावशी भिंतीला टेकल्या आणि छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "दडपल्यागत होतंय गं, डोकंबी ठणकायलंय. पित्त खवळलं वाटतं." झालं! एक जण लिंबूपाणी आणायला उठली, दुसरीनं आलं चघळायला सांगितलं. खरं सांगते, मीही म्हणाले, "उपाशीपोटी चहा घेतला असेल." नशीब, आशाताई तिथंच होत्या. त्यांनी दंडाला पट्टा बांधून बीपी मोजला. वरचा आकडा १९०, खालचा १२०. मावशींना बीपीची गोळी चालू होती, ती त्यांनी दीड महिन्यापासून बंद केलेली. का? तर म्हणे, "बरं वाटत होतं की."

बरं वाटत होतं ते गोळीमुळंच. बीपी हा गुपचूप राहणारा आजार आहे. डोकं दुखत नाही म्हणजे बीपी ठीक, असं धरून चालू नका. बहुतेक जणींना काहीच जाणवत नाही. नेहमी १४०/९० किंवा त्याच्या वर राहत असेल तर तो वाढलेला समजतात आणि उपचार लागतात. पण वरचा आकडा १८० च्या किंवा खालचा १२० च्या पुढं गेला, आणि सोबत छातीवर दाब, डोकेदुखी, धाप किंवा डोळ्यांपुढं अंधारी असेल, तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. मावशींना १०८ च्या गाडीनं जिंतूरला नेलं. आज त्या बैठकीत आमच्यापेक्षा मोठ्यानं बोलतात.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. कुणी छाती आणि डोकं दोन्ही धरलं, की पित्ताची गोळी शोधण्याआधी विचारते: हे सुरू झालं तेव्हा तुम्ही कुठं होता, काय करत होता? अर्धं उत्तर तिथंच मिळतं.

समजा ती म्हणाली, "फवारणी चालू होती." बायका फवारत नाहीत असं म्हणतात. पण औषध कालवायला पाणी कोण आणतं? फवारलेल्या कपाशीत दुसऱ्या दिवशी निंदायला कोण जातं, मालकाचे भिजलेले कपडे हातानं कोण धुतं? काही कीटकनाशकं कातडीतूनही अंगात भिनतात. डोकं दुखतं, छाती आवळते, घाम सुटतो, डोळ्यांतून पाणी, तोंडाला लाळ, मळमळ. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना कितीतरी शेतकरी आणि मजुरांना विषबाधा झाली, माणसं दगावली. असं झालं तर आधी शेताबाहेर या, कपडे बदला, अंग साबणानं धुवा. धुऊन देणारीनं हातात प्लास्टिकची पिशवी घालावी. मुद्दाम उलटी काढू नका. आणि औषधाची बाटली दवाखान्यात सोबत न्या. कोणतं विष ते कळलं की डॉक्टरांना उतारा ठरवता येतो.

दुसरी जागा आपल्या घरातलीच आहे, आणि त्यावर बोललं की सासवा रागावतात. बाळंतिणीची खोली. दारं-खिडक्या बंद, वारा लागू नये म्हणून फटींत कापड कोंबलेलं आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. धूर दिसत नाही म्हणून आपण निर्धास्त. तो रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. मग डोकं जड होतं, गरगरतं, छातीत दडपतं आणि झोप येते. ती झोपच घातकी असते. खोलीतल्या दोघी-तिघींची डोकी एकदम दुखायला लागली, तर तिला पित्त म्हणू नका. दार उघडा, आई आणि बाळाला मोकळ्या हवेत आणा आणि दवाखान्यात न्या. शेक द्यायचाच तर गरम पाण्याच्या पिशवीनं द्या. ती कपड्यात गुंडाळा आणि बाळाजवळ ठेवू नका.

बाळंतिणीचं अजून एक. गरोदरपणात पाच महिन्यांनंतर आणि बाळंतपणानंतर सहा आठवडे बीपी एकाएकी वाढू शकतो. डोकं फुटेल असं दुखणं, डोळ्यांपुढं चमकणं, छातीखाली बरगडीपाशी दुखणं, तोंडाला आणि हाताला सूज. तिच्यासाठी १९० ची वाट बघायची नाही. १४०/९० झाला तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, नाहीतर झटके येऊ शकतात. "बाहेरचं काहीतरी झालंय" म्हणून अंगारा लावत बसलो तर वेळ हातची जाते.

आता हृदयाचं. झटका म्हटलं की आपल्याला सिनेमातला माणूस आठवतो, छाती धरून कोसळणारा. बाईच्या बाबतीत दर वेळी तसं होत नाही. छातीवर दगड ठेवल्यागत दाब, धाप, गार घाम, मळमळ, जबड्यात नाहीतर पाठीत कळ. साखरेचा आजार असेल तर दुखणं कमीच जाणवतं. नुसत्या झटक्यात डोकं सहसा दुखत नाही, पण दुखतंय म्हणून हृदय सुटलं असंही नाही. ईसीजी काढल्याशिवाय कुणी "गॅस आहे" म्हणालं तर ऐकू नका. अशा बाईला चालवत नेऊ नका, मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून तर नकोच.

पित्त, रक्त कमी असणं, उन्हात उपाशी राबणं, यांनीही डोकं दुखतं आणि छातीत धडधडतं. ते खरंच आहे. आणि काळजीनंही होतं. हप्त्याची तारीख जवळ आली की काही जणींच्या छातीवर खरंच ओझं बसतं, श्वास भरभर होतो, बोटांना मुंग्या येतात. ते नाटक नव्हे. फक्त आधी बीपी आणि ईसीजी बघून घ्या. ते नीट असतील, तर मनावरचं बोलायला टेलिमानसचा १४४१६ हा मोफत नंबर आहे. मराठीत बोलता येतं.

तिशीच्या पुढच्या प्रत्येकीचा बीपी आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रात फुकट तपासतात. आमच्या गटांनी आता ठरवलंय, बैठकीच्या दिवशी आशाताईंना बोलवायचं आणि हप्त्याच्या आधी बीपी मोजायचा. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा, नुकताच चहा घेतलेला नको, आणि पट्टा उघड्या दंडावर बांधा.

१०८ ला फोन लावलात तर "लवकर या" एवढंच सांगून ठेवून देऊ नका. गाव, तालुका, जवळची खूण, बाईचं वय, कधीपासून होतंय, गरोदर आहे का, हे सांगा. एकीनं रस्त्यावर उभं राहावं, रात्र असेल तर बॅटरी घेऊन. चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. त्या मावशींची तशी पिशवी आता दाराशेजारच्या खुंटीला टांगलेली असते.