‘सॉफ्टवेअर उडालं’ म्हणजे नेमकं काय उडालं?

पावसाळ्यात आमच्या समुद्रकाठच्या निर्मळ-कळंब पट्ट्यात लाईट जाते, येते, परत जाते. आणि ती स्थिरावली की कुणाच्या तरी घरातलं प्लेस्टेशन सुरू होत नाही. शेजारचा जाणकार पोरगा लगेच निकाल देतो, “सॉफ्टवेअर उडालं, फॉरमॅट मारावा लागेल.” या एका वाक्यात दोन गैरसमज आहेत. त्यातला दुसरा महागात पडतो, कारण फॉरमॅटनंतर सेव्ह केलेला खेळ परत येत नाही.

आधी हे बघा की मशीनमध्ये उडण्यासारखं सॉफ्टवेअर आहे तरी का. अजून अनेक माळ्यांवर पडून असलेल्या प्लेस्टेशन २ मध्ये ते नाही. त्याची मूळ प्रणाली कारखान्यातच रॉम चिपमध्ये कोरलेली असते. तिला कधी अपडेट येत नाही, त्यामुळे अपडेट अर्ध्यावर अडकण्याचा प्रश्नच नाही. डिस्क टाकल्यावर लाल स्क्रीन आला तर संशयित एकतर डिस्क, नाहीतर थकलेली लेझर लेन्स. तरीही ‘सॉफ्टवेअर टाकून देतो’ म्हणून पैसे घेणारे भेटतात.

दुसरा संशयित वीज. परदेशातल्या नातेवाइकाने आणलेला एक्सबॉक्स ३६० अमेरिकेतला असेल, तर त्याच्या विटेएवढ्या अडॅप्टरवर १०० ते १२७ व्होल्ट असं छापलेलं सापडेल. आपल्याकडच्या २३० व्होल्टवर तो जळतो. आतलं मशीन बहुधा शाबूत राहतं, पण दिवाच लागत नाही म्हटल्यावर घरात सुतक. इथे इलाज एकच, आपल्या व्होल्टेजचा अडॅप्टर. आणि ३६० वरचे ते बदनाम तीन लाल दिवे? तो हार्डवेअरचा दोष होता. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यासाठी वॉरंटी ३ वर्षांवर नेली आणि १ अब्ज डॉलरहून जास्त खर्च हिशोबात धरला. मशीन टॉवेलात गुंडाळून तापवण्याचा तोडगा तेव्हापासून फिरतोय. मशीन जास्त भाजतं, एवढंच त्यातून होतं.

आता खरोखर सॉफ्टवेअर बिघडल्याची गोष्ट. प्लेस्टेशन ४ जानेवारी २०१४ मध्ये भारतात आलं. त्याची प्रणाली थोडी मदरबोर्डवरच्या फ्लॅश चिपमध्ये आणि बरीचशी हार्ड डिस्कवर असते. अपडेट चालू असताना लाईट गेली की हे दोन तुकडे जुळत नाहीत. पण याची सोय कंपनीनेच करून ठेवली आहे. मशीन बंद करा, पॉवरचं बटण दाबून धरा; पहिली बीप लगेच येईल, सुमारे ७ सेकंदांनी दुसरी. तेव्हा बटण सोडायचं आणि कंट्रोलर वायरने जोडायचा. समोर यादी येते तो सेफ मोड. त्यातला तिसरा पर्याय अपडेटचा, पाचवा डेटाबेस नव्याने लावण्याचा. हे दोन्ही तुमच्या सेव्ह केलेल्या खेळांना हात लावत नाहीत. सहावा आणि सातवा मात्र सगळं पुसतात. घाईत बोट सातव्यावरच जातं, कारण त्याच्या नावात ‘सॉफ्टवेअर पुन्हा टाका’ असं लिहिलंय आणि पोराने तेच सांगितलेलं असतं.

अपडेट पेनड्राइव्हवरून टाकायचं असेल, तर त्याची तऱ्हा आणखी वेगळी. तो एक्सफॅट किंवा फॅट३२ हवा, एनटीएफएस चालत नाही. त्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत पीएस४ नावाचं फोल्डर, त्याच्या पोटात अपडेट नावाचं, आणि त्यात सोनीच्या साइटवरून उतरवलेली फाईल. फाईल दोनदा उतरवली की कॉम्प्युटर नावापुढे कंसात १ लावतो आणि मशीन म्हणतं, फाईल सापडत नाही. तो कंस खोडला की बऱ्याचदा काम होतं. शिवाय एकाच नावाच्या दोन फाईली मिळतात: साधारण अर्ध्या जीबीची नुसत्या अपडेटसाठी, एक जीबीच्या आसपासची संपूर्ण प्रणाली टाकण्यासाठी. नवी कोरी हार्ड डिस्क बसवली असेल तर दुसरीच लागते.

‘हार्ड डिस्क काढून कॉम्प्युटरला लावू, डेटा काढू’ ही समजूतही अशीच. प्लेस्टेशन ३ असो की ४, डिस्कवरचा मजकूर त्या त्या मशीनच्या स्वतःच्या किल्लीने कुलूपबंद असतो. विंडोजला तो कळत नाही, म्हणून डिस्क लावताच ती इनिशियलाइज करायची का असं विचारते. ‘हो’ म्हटलंत की सुरुवातीची नोंद पुसली जाते. तिथे नाहीच म्हणायचं. डिस्क खरोखर मरायला टेकली असेल तर तिची जशीच्या तशी, सेक्टरनिहाय प्रत दुसऱ्या डिस्कवर घेता येते. ती प्रत वाचायची मात्र त्याच मशीनने. आणि मदरबोर्ड बदलला, तर जुनी डिस्क धडधाकट असूनही मुकी.

गेमची डिस्क वाचणाऱ्या ड्राइव्हचंही तसंच. ३६० मधला डीव्हीडी ड्राइव्ह त्याच्या बोर्डाशी किल्लीने बांधलेला असतो, दुसऱ्या मशीनचा बसवला तर गेम चालत नाही. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर दुरुस्तीला नेण्याआधी एवढं माहीत असावं, की त्याच मॉडेलचा ड्राइव्ह घेऊन त्यात जुन्याची सर्किट पट्टी घातली तर चालतं. म्हणून ‘जुना ड्राइव्ह टाकून दिला’ असं ऐकलं की पोटात गोळा येतो.

सगळ्यात कडक कुलूप २००१ च्या पहिल्या एक्सबॉक्सचं. त्याची हार्ड डिस्क पासवर्डने बंद, आणि तो पासवर्ड निघतो मदरबोर्डवरच्या ईईप्रॉम चिपमधल्या किल्लीतून आणि डिस्कच्या मॉडेल व सिरियल नंबरातून. चिपमधला मजकूर वेळीच उतरवून ठेवला नसेल आणि बोर्ड गेला, तर दरवाजा बंद. त्यात अगदी शेवटची, १.६ ही आवृत्ती वगळता घड्याळासाठी बसवलेला कपॅसिटर गळतो आणि त्याचा द्रव बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा खातो. समुद्र एवढा जवळ, हवा ओली. असलं मशीन कपाटात पडून असेल तर आधी उघडून तो कपॅसिटर काढावा. काढल्यावर प्लग उपसला की घड्याळ विसरतं, बाकी काही अडत नाही.

राहता राहिलं ‘जुनं व्हर्जन टाकून देतो’ हे आश्वासन. ३६० मध्ये काही अपडेटबरोबर चिपमधला एकेक फ्यूज कायमचा जळतो, मग त्याआधीची प्रणाली ते मशीन स्वीकारत नाही. कायद्याची भीतीही अर्धवटच सांगितली जाते. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५अ कुलूप तोडण्याला शिक्षा सांगतं, २ वर्षांपर्यंत कैद आणि दंडही. पण हक्काचं उल्लंघन करण्याच्या हेतूने तोडलं तरच. स्वतःच्या मशीनवर कंपनीचीच फाईल पेनड्राइव्हने टाकणं त्यात मुळीच येत नाही.