वेश कामासाठी, काम वेशासाठी नव्हे

मार्च २०२४ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांच्या पेहरावाविषयी सूचना काढल्या. शिक्षिकांनी साडी, अथवा सलवार किंवा चुडीदार, कुर्ता व दुपट्टा वापरावा. जीन्स, टी-शर्ट, गडद रंगाचे वा चित्रविचित्र नक्षीचे कपडे टाळावेत, असा त्यांचा आशय आहे. शोभनीयतेचा आग्रह समजण्याजोगा आहे. पण शोभनीयतेची कसोटी कोणती?

छत्रपती संभाजीनगरहून एस.टी.ने पैठण वा कन्नड तालुक्यातील शाळेत जाणाऱ्या शिक्षिकेचा दिवस पाहावा. गर्दीत गाडी गाठणे, थांब्यापासून उन्हात चालणे, तासन्‌तास फळ्यापुढे उभे राहणे, मुलांसह मैदानात धावणे! या कामाला सुती, सैल आणि धुण्यास सोपे वस्त्रच शोभते. या नगरीचा हिमरू आणि शेजारची पैठणी हे आपले भूषण खरे. पण ती समारंभाची वस्त्रे होत.

उच्च न्यायालयाचे खंडपीठ येथे १९८१ पासून आहे. वकिलांचा गणवेश तर अधिकच काटेकोर. तरीही साडी की सलवार-कुर्ता, ही निवड तो स्त्री-वकिलावर सोपवतो. तिच्या युक्तिवादाचे वजन त्यावरून ठरत नाही.

मग शाळेतच सलवार-कुर्ता पाहून भुवया का उंचावाव्यात? नियमाने दिलेली मोकळीक रूढीने हिरावून घेऊ नये. शिक्षिकेची प्रतिष्ठा तिच्या पदरात नव्हे, अध्यापनात असते.