तूर, डाळ आणि ‘टीएसएच नॉर्मल’

दिवाळीच्या तोंडावर लातूर-नांदेडच्या शिवारात सोयाबीनची काढणी जोरात असते. शेतात बनीम रचलेली, वर ताडपत्री, आणि खाली उंदरांच्या मागावर आलेली घोणस. दंश झालेला माणूस नांदेडला विष्णुपुरीच्या किंवा लातूरच्या शासकीय रुग्णालयात पोचतो, प्रतिविष मिळतं, तो वाचून घरी येतो. गावाच्या लेखी प्रकरण मिटतं.

काहींच्या बाबतीत मात्र ते मिटत नाही. घोणशीच्या विषाने रक्त गोठण्याचं तंत्र बिघडतं आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा रक्तपुरवठा तुटू शकतो. ही ग्रंथी जेमतेम अर्ध्या ग्रॅमची, वाटाण्याएवढी. ब्रह्मदेशातल्या अशा रुग्णांची नोंद १९८७ साली ‘लॅन्सेट’मध्ये झाली. बाळंतपणात फार रक्त गेलेल्या बाईचंही असंच होतं. हॅरॉल्ड शीहान यांनी ते १९३७ साली मांडलं. अंगावर दूध येत नाही, पाळी परत सुरू होत नाही, थंडी सोसत नाही, काखेतले केस गळतात. घरचे म्हणतात, ‘बाळंतपण मानवलं नाही.’ मग वर्षानुवर्षं अशक्तपणा म्हणून सलाईन लावली जाते.

पिट्युटरी अधू झाली की बऱ्याचदा वाढीचं हार्मोनही आटतं. प्रौढाला उंची थोडीच वाढवायचीय, असं कुणी म्हणेल. पण स्नायू, हाडं, चरबीचं प्रमाण आणि अंगातली उमेद यांसाठी ते आयुष्यभर लागतं. पूर्वी ते मृतांच्या पिट्युटरीतून काढत. त्यातून मेंदूचा जीवघेणा आजार झाल्याचं दिसलं, आणि १९८५ साली अमेरिकेत ते थांबवून जनुकीय तंत्राने बनवलेलं हार्मोन आलं. प्रौढांसाठी तिथे १९९६ साली मान्यता मिळाली. आपल्याकडेही ते मिळतं, पण महाग.

या हार्मोनचं इंजेक्शन सुरू केलं की थायरॉईडचं गणित हलतं. कसं, ते लातूरच्या डाळ मिलवरून समजून घेऊ. मिलच्या गोदामात अख्खी तूर येते. साल निघून ती भरडली की ताटात वाढायची डाळ होते. थायरॉईड ग्रंथी मुख्यतः टी-४ बनवते, ती अख्खी तूर. यकृतात आणि इतर अवयवांत त्यातला आयोडीनचा एक अणू निघतो आणि टी-३ तयार होतं, ती डाळ. वाढीच्या हार्मोनने ही मिल वेगात फिरते. टी-३ थोडं वाढतं, रक्तातलं मोकळं टी-४, म्हणजे फ्री टी-४, उतरतं.

पिट्युटरी धडधाकट असेल तर ती टीएसएच हे हार्मोन पाठवून थायरॉईडकडून माल मागवते. इथे मागवणाराच आजारी. नवी तूर पुरेशी येत नाही आणि गोदाम रिकामं होतं. म्हणजे इंजेक्शनने थायरॉईड बिघडत नाही, झाकलेली उणीव उघडी पडते. आधीच थायरॉईडची गोळी चालू असेल तर डोस वाढवावा लागू शकतो. नसेल तर काहींना ती सुरू करावी लागते.

आणि रिपोर्ट फसवतो तो इथेच. एरवी थायरॉईड मंदावली की टीएसएच चढतं, म्हणून आपण तेवढंच तपासतो. पण या रुग्णांत ते वाढवणारी ग्रंथीच दुबळी, त्यामुळे टीएसएच ‘नॉर्मल’ छापून येतं आणि माणूस सुस्तावलेलाच राहतो. खरं सांगतं ते फ्री टी-४. इंजेक्शन सुरू करण्याआधी, नंतर दीड-दोन महिन्यांनी आणि डोस बदलल्यावर ते पाहायला हवं.

उपचारांचा क्रमही महत्त्वाचा: आधी कॉर्टिसॉल (पिट्युटरी अधू झाली की हे हार्मोनही कमी पडू शकतं), मग थायरॉईड, शेवटी वाढीचं हार्मोन. कॉर्टिसॉलची उणीव न भरता थायरॉईडची गोळी दिली तर जिवावर बेतू शकतं.

घरातली शिस्तही तितकीच मोलाची. इंजेक्शन २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायचं असतं; मे महिन्यात लाईट गेली की फ्रीजवर भरवसा नाही, थर्मास हाताशी हवा, मात्र इंजेक्शनचं पेन बर्फाला टेकता कामा नये. थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्यासोबत घ्यावी. चहा त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी चार तासांनी.

घरात कुणाला पूर्वी घोणस चावली असेल, किंवा बाळंतपणात रक्त चढवावं लागलं असेल आणि थकवा हटत नसेल, तर ही जुनी हकिकत डॉक्टरांनी विचारलं नाही तरी स्वतःहून सांगा. टीएसएच नॉर्मल आलं म्हणून उठू नका. ‘फ्री टी-४ पाहायचं का?’ एवढं विचारा.